ट्रॅकसाठी जुन्या मोटारींची ब्रेक-सुधारणा

रस्त्यावरच्या नेहमीच्या वापरासाठी बनलेली जुनी मोटार बंदिस्त ट्रॅकवर सलग वेगाने चालवता यावी, यासाठी तिच्या ब्रेक-यंत्रणेत जे बदल केले जातात त्यांचा या नोंदीत विचार केला आहे. भारतात अशा मोटारींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. प्रीमियर पद्मिनी आणि दीर्घकाळ बनत राहिलेली ॲम्बॅसडर यांच्या जुन्या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ भांड्याला आतून घासणारे) असत. मारुती झेन, एस्टीम यांसारख्या १९९० नंतरच्या गाड्यांना पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, दोन्ही बाजूंनी दाबली जाणारी चकती) आणि मागे ड्रम आले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात दोन्ही गटांतल्या गाड्या जपणारे हौशी मालक आहेत. त्यांच्यापैकी जे ट्रॅकवर उतरतात, त्यांना चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किमी. लांबीचा किंवा कोइमतूरचा सुमारे २.१ किमी. लांबीचा करी ट्रॅक गाठावा लागतो.

ट्रॅकवर ब्रेकपुढचा खरा प्रश्न उष्णतेचा असतो. गाडी पहिल्यांदा किती अंतरात थांबते हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरते, आणि मूळचे ब्रेक ठीक असतील तर ते चाके जाम करण्याइतके समर्थ असतातच. चालकासह ९०० किग्रॅ. वजनाची गाडी ताशी १२० किमी. वरून ६० वर आणताना सुमारे ३७५ किलोजूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तिचा तीनचतुर्थांश भाग पुढच्या चाकांवर येतो असे धरले, तर ४ किग्रॅ.च्या प्रत्येक डिस्कचे तापमान एका दाबात सुमारे ७० अंश सेल्सिअसने चढते. पुढचे वळण काही सेकंदांवर असते, तेवढ्यात ही उष्णता हवेत जात नाही, आणि दोन-तीन फेऱ्यांत ती साठत जाते.

चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक तापण्याचा अनुभव या भागातील चालकांना असतो. परंतु त्यावरून ट्रॅकचा अंदाज बांधणे योग्य नाही. घाटात हलका पण दीर्घकाळचा दाब पडतो आणि उष्णता हळूहळू कॅलिपरमधून (डिस्कला धरणाऱ्या चिमट्यातून) ब्रेक ऑइलपर्यंत, म्हणजे पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या द्रवापर्यंत, मुरते. ट्रॅकवर दाब थोडा वेळ पण जबर असतो, त्यामुळे आधी डिस्क व पॅडचा (डिस्कवर घासणाऱ्या गादीचा) पृष्ठभाग तापतो आणि ऑइलची पाळी मागाहून येते.

डिस्क ब्रेकचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यात तांब्याचे अस्तर असलेले जबडे धातूच्या पातळ चकतीला चिमटीत धरत आणि त्याचा आवाज असह्य होई. काही लेखक हा मान एल्मर स्पेरी यांच्या १८९८ च्या सुमारच्या विजेवरील मोटारीला देतात. पुढे अमेरिकेत १९४९ च्या सुमारास क्रायस्लर इंपीरियल आणि क्रॉस्ली या गाड्यांना डिस्क ब्रेक मिळाले. मात्र क्रायस्लरच्या रचनेत बंद घरात दोन चकत्या बाहेरच्या बाजूला फाकत असत, म्हणजे चिमटीचे तत्त्व नव्हतेच. आणि क्रॉस्लीचे ब्रेक माती व रस्त्यावरच्या मिठामुळे आखडत, म्हणून ते लवकरच मागे पडले. चकती हवेत उघडी असणे आणि ती दोन्ही बाजूंनी दाबली जाणे ही कसोटी मानली, तर लँचेस्टर यांचाच दावा अधिक सयुक्तिक वाटतो. शर्यतीतील सिद्धता मात्र निःसंशय डनलॉप आणि जॅग्वार यांची आहे. त्यांच्या सी-टाइप गाडीने १९५२ मध्ये रीम्स येथे आणि १९५३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत विजय मिळवला. ड्रम तापून फुगला की लायनरपासून (आतून घासणाऱ्या अस्तरापासून) दूर जातो आणि पेडल खाली जाते, तर डिस्क तापली की जाड होऊन पॅडकडेच सरकते. या एका फरकाने ड्रमचे शर्यतीतील दिवस संपले.

डिस्कसाठी अजूनही करडे बीड हेच मुख्य द्रव्य आहे. त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चटकन पसरते आणि कंपने जिरतात. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील फाउंड्र्यांमध्ये करड्या बिडाचे ओतकाम व त्यावरील यंत्रकाम हा रोजचा व्यवहार असल्याने येथील कारागिरांना या धातूची चांगली जाण आहे. तरीही एखाद्या गाडीसाठी सुटी डिस्क ओतून घेण्याच्या फंदात पडू नये. मातीच्या साच्यात मधली पोकळी किंचित सरकली तरी हवेशीर डिस्कच्या (हवा खेळावी म्हणून मधे पोकळ ठेवलेल्या) दोन भिंतींची जाडी असमान होते, आणि हे बाहेरून दिसत नाही.

ब्रेक दाबताना पेडल व स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे निदान सर्रास केले जाते. यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. एक पक्ष उष्णतेने डिस्क खरोखर पिळवटते असे मानतो. दुसऱ्या पक्षाच्या मते तापलेल्या पॅडचे द्रव्य डिस्कवर ठिकठिकाणी चिकटते, तिथे घर्षण वाढून सुमारे ६५० ते ७०० अंशांवर बिडात सिमेंटाइटचे (लोखंड व कार्बनच्या संयुगाचे) कठीण डाग पडतात, आणि आजूबाजूचा भाग अधिक झिजल्याने जाडीत फरक येतो. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. अशी डिस्क लेथवर चढवून डायल गेज (पृष्ठभागाची डगमग मोजणारे उपकरण) लावला तर पिळवट नगण्य निघते, परंतु मायक्रोमीटरने परिघावर आठ ठिकाणी जाडी मोजली असता मिमी.च्या शंभराव्या हिश्शाचे चढउतार सापडतात आणि तिथेच निळसर डाग दिसतात. स्किम करूनही (वरचा पातळ थर तासूनही) हे डाग पुष्कळदा मुळासकट जात नाहीत, आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली तर जाताच येत नाही.

सुधारणेचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बहुधा उलटा पाळला जातो. मोठी डिस्क आधी बसवण्यापेक्षा ताजे ब्रेक ऑइल भरणे अधिक फलदायी ठरते, कारण ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले की पेडलचा दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. डॉट ४ (डॉट हे ब्रेक ऑइलच्या प्रतीचे मानक) प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५ अंश सेल्सिअस असावा असे मानक आहे, डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. हे ऑइल हवेतील ओलावा ओढते, त्यामुळे खानापूर, जांबोटीसारख्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल पावसाळ्यानंतर बदलून त्यात अडकलेली हवा (एअर) पूर्ण काढणे अगत्याचे आहे. त्यानंतर उच्च तापमानाचे पॅड येतात. ते थंड असताना कमी पकडतात, म्हणून बाजारात रोज फिरणाऱ्या गाडीला ते सोयीचे नाहीत, आणि नवे पॅड टप्प्याटप्प्याने तापवून बसवावे लागतात. जुने रबरी होज पाइप दाबाखाली फुगतात, त्यांच्या जागी पोलादी जाळीचे घालतात. पुढच्या बंपरमधून नळीने आणलेली हवा डिस्कच्या मध्यावर सोडली, तर हवेशीर डिस्कच्या पात्या ती बाहेर फेकतात आणि कमी खर्चात मोठा लाभ होतो.

डिस्क व कॅलिपर मोठे करायचे ठरलेच, तर १२ किंवा १३ इंची चाकात जागा उरत नाही. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की पेडल खोल जाते. त्यावर उपाय म्हणून मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल ढकलणारा मुख्य पंप) १९ ऐवजी २२ मिमी. व्यासाचा घेतला तर तेवढ्याच दाबासाठी पायाचा जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. भोके पाडलेल्या डिस्कला भोकांच्या कडेपासून तडे जातात, त्यामुळे खाचांची डिस्क बरी. हलक्या गाडीचे मागचे ड्रम राहू द्यावेत. मागचा ब्रेक पुढच्याआधी जाम झाला तर गाडी गरकन फिरते, म्हणून मागे डिस्क घातल्यास दाब-नियंत्रक झडप नव्याने जुळवावी लागते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. पॅड, ऑइल व होज पाइप हे झिजणारे भाग असल्याने बदलावेच लागतात. परंतु संपूर्ण कॅलिपर-किट बदललेली गाडी ट्रॅकपर्यंत चालवत नेण्याऐवजी ट्रकवर लादून नेणे इष्ट.