गावाच्या वरच्या धरणाचा तपासणी अहवाल कसा मागायचा: माहिती अधिकाराचा अर्ज, कोण करू शकतं, काय जोडायचं

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की धरणाखालच्या वस्त्यांमध्ये तोच विषय निघतो, वरचा तलाव यंदा टिकेल ना. कुणी म्हणतं मागच्या वर्षी साहेब येऊन बघून गेले, कुणी म्हणतं कुणीच आलं नाही, आणि खरं काय ते कागदावर कुणीच पाहिलेलं नसतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालच्या वाडीतली माणसं घरांसकट वाहून गेली, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या ही गोष्ट नंतर पेपरात आली. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो, तक्रार तोंडी करू नका, तपासणीचा कागद मागा. तो मागण्याचा हक्क आपल्याला आहे आणि खर्च फार नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. धरणाबद्दल दोन वेगवेगळे शेरे असतात. एक असतो धोक्याचा वर्ग, म्हणजे हे धरण उद्या फुटलंच तर खाली किती माणसं, घरं, रस्ते, शेती सापडेल. याचा धरण मजबूत आहे की कमकुवत याच्याशी संबंध नाही. एकदम नवीन, ठणठणीत धरण असेल पण खाली शाळा आणि दोनशे घरं असतील तर त्याचा धोक्याचा वर्ग वरचाच असणार. दुसरा असतो स्थितीचा शेरा, तो तपासणीत सापडलेल्या दोषांवरून ठरतो. आपल्याकडे त्याच्या तीन श्रेणी आहेत: श्रेणी एक म्हणजे धरण फुटायला कारण होऊ शकतील असे मोठे दोष, श्रेणी दोन म्हणजे मोठे पण दुरुस्त होण्यासारखे आणि लगेच लक्ष द्यायला हवं असे, श्रेणी तीन म्हणजे किरकोळ दोष किंवा काहीच नाही. त्यामुळे "आपलं धरण कमी धोक्याच्या वर्गात आहे" असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. तो वर्ग ठरवला तेव्हा खाली नुसती शेतं असतील आणि आज तिथे वस्ती उभी असेल, असं भरपूर ठिकाणी झालंय. वर्ग कुठल्या साली ठरवला हे विचारणं वर्ग विचारण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता कायदा. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे, पण तो सगळ्या धरणांना लागू नाही. १५ मीटरपेक्षा उंच धरण असेल तर सरळ लागू. १० ते १५ मीटरमध्ये असेल तर आणखी एखादी अट बसावी लागते, म्हणजे लांबी निदान ५०० मीटर, किंवा साठा निदान १० लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला २००० घनमीटर किंवा जास्त, किंवा पाया फार अवघड, किंवा रचनाच वेगळी. यात बसलं तर मालक विभागाला दरवर्षी पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक तपासणी करावीच लागते, शिवाय आपत्कालीन कृती आराखडा, म्हणजे धरणाला धोका झाला तर कुणी काय करायचं याचा कागद, तयार करायला कायद्याने लागू झाल्यापासून ५ वर्षं दिली आहेत. महाराष्ट्रात हे काम बघणारी धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे.

आणि १० मीटरच्या आतलं धरण, पाझर तलाव, गाव तलाव? ते या कायद्यात येत नाहीत, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे, कारण वस्तीला अगदी चिकटून असतात ती हीच. कायद्याची सक्ती नाही म्हणून तपासणीचा कागदच नाही असं होऊ शकतं. तरी अर्ज कराच. "अशी नोंद कार्यालयात उपलब्ध नाही" एवढं उत्तर जरी सहीशिक्क्याने आलं तरी ते ग्रामसभेत ठेवायला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला फार उपयोगी पडतं.

अर्ज कुणाकडे, यात लोकांचे महिने जातात. साधारण हिशोब असा की १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामं जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतची मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे. तलाठी किंवा ग्रामसेवकाला विचारलं तर बहुतेक वेळा कळतं. चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नका, माहिती अधिकार कायद्याप्रमाणे त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. "आमच्याकडे येत नाही, परत न्या" असं काउंटरवर म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो. धरणाखाली जमीन असायला हवी, त्याच गावचा असायला हवा, असं काही नाही, आणि माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कुणी विचारलं तरी कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त अर्ज स्वतःच्या नावाने करा, ग्रामपंचायत किंवा मंडळाच्या नावाने केला की नाकारायला कारण मिळतं. सरपंच असाल तरी तुमचं नाव आणि तुमचा पत्ता.

कागदपत्रं खरं तर फार नाहीतच. जोडपत्र अ नमुन्यातला अर्ज, साध्या कागदावर लिहिला तरी चालतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी नाही, पण त्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची. उत्तर पाठवण्यापुरता पत्ता आणि फोन सोडून जास्त वैयक्तिक माहिती मूळ कायद्यात मागितलेली नाही. राज्य सरकारच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवरूनही करता येतो, पण तिथे आपलं कार्यालय यादीत सापडतंय का ते आधी बघा. कागदी अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हलू नका, पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.

अर्जात काय लिहायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं लिहू नका, "दुरुस्ती का केली नाही" असं विचारू नका, "का" ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक धरलं जात नाही. कागदांच्या प्रती मागा. मी असं लिहीन: "अमुक गावच्या अमुक तलावाबाबत मागील ३ वर्षांचे पावसाळापूर्व व पावसाळ्यानंतरचे तपासणी अहवाल, त्यात दिलेली दोषांची श्रेणी, धोक्याचा वर्ग व तो ठरवल्याची तारीख, सुचवलेल्या दुरुस्त्या, त्यांचे अंदाजपत्रक व काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि आपत्कालीन कृती आराखडा असल्यास त्याची प्रत मिळावी." बस, एवढंच. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, ते कळवतील तेव्हा भरायचे.

माहिती अधिकार कायद्यातच कागद पाहण्याचा आणि काम प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात. अहवाल हातात घेऊन भरावावर गेलात तर बरंच कळतं. माती धरणाच्या पायथ्याशी थोडा पाझर असणं नेहमीचं आहे, पाणी स्वच्छ आणि तेवढंच येत असेल तर त्याची नोंद ठेवायची. पण तेच पाणी गढूळ यायला लागलं म्हणजे आतली माती वाहून चाललीय, ही फार वाईट खूण. भरावावर झाडं वाढलीत का, घुशीची बिळं आहेत का, माथ्यावर लांब भेग किंवा खचलेली जागा आहे का, सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, गाळ, झुडपं किंवा कुणी घातलेला बांध आहे का ते बघा. सांडवा तुंबला की पाणी भरावावरून जातं आणि मातीचा भराव ते सोसत नाही. फोटो काढा, तारखेसह.

एक मात्र ऐका. गढूळ गळती किंवा भराव खचताना दिसला तर त्या दिवशी अर्ज लिहीत बसू नका, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा, तहसीलदारांना कळवा आणि खालच्या घरांना उठवा. अर्ज नंतर. जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी अशी तरतूद कायद्यात आहे, पण पाणी तेवढं थांबत नाही.

बाकी वेळी उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्याचा निकाल ३० दिवसांत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवा. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. "सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही" असं उत्तर आलं तर कलम कोणतं आणि कुठल्या कागदाला लावलं ते लेखी मागा, आणि अपिलात लिहा की खाली राहणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं कायद्यातच आहे.

हे सगळं धरून तीन-चार महिने सहज जातात, म्हणून दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका. तेव्हा टाकलात तर मार्चपर्यंत कागद हातात येतो आणि पावसाआधी दुरुस्तीला एप्रिल-मे मिळतात.