डबलसीटचा पुढचा स्वार

सायकलवर कुणाला डबलसीट घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, की वळणावर मागचा माणूस उलट बाजूला कलला तर हँडल आवरणे कठीण होते. टँडेम पॅरासायकलिंगमध्ये, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवरील अपंग खेळाडूंच्या शर्यतींमध्ये, पुढे बसणाऱ्या डोळस सायकलपटूला, म्हणजे पायलटला, हीच अडचण ताशी ६० किलोमीटर वेगाने आणि ट्रॅकच्या ब्रेक नसलेल्या सायकलवर हाताळावी लागते. मागच्या सीटवरील दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी असलेल्या खेळाडूला स्टोकर म्हणतात. पदक मात्र दोघांनाही मिळते.

स्कॉटलंडचा क्रेग मॅक्लीन या कामाकडे वळला, तेव्हा २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील सांघिक स्प्रिंटचे रौप्यपदक त्याच्या नावावर होते. अशा कसलेल्या स्प्रिंटरची गरज का भासते, हे टँडेमच्या गणितावरून कळते. पुढच्या आणि मागच्या पॅडलांना जोडणारी एक वेगळी साखळी असते, त्यामुळे दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात आणि ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नसल्याने कुणालाही मध्येच पाय थांबवता येत नाहीत. सुरुवातीला टँडेमचा विशेष फायदा होत नाही, कारण ताकद दुप्पट झाली तरी वजनही जवळजवळ दुप्पट होते. वेग वाढला की खरा विरोध हवेचा असतो आणि स्टोकर पायलटच्या आडोशाला असल्याने हा विरोध ताकदीइतका वाढत नाही. पायलट निवडताना नजरेपेक्षा मांड्या पाहिल्या जातात, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही नजरेचे काम उरतेच. २५० मीटरच्या ट्रॅकवर अंतर मोजण्याची एक काळी रेषा असते. तिच्यापासून सायकल सतत केवळ १० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला राहिली, तर प्रत्येक फेरीत सुमारे ६३ सेंटिमीटर जास्त अंतर पडते. एक किलोमीटरच्या शर्यतीत हा तोटा अडीच मीटर, म्हणजे जवळपास दीड दशांश सेकंद होतो. त्यात टँडेमच्या दोन चाकांमधील अंतर नेहमीच्या सायकलपेक्षा बरेच जास्त असल्याने ती वळायला आळशी असते. वळणाची तयारी पायलटला एकट्याच्या सायकलपेक्षा आधीच सुरू करावी लागते आणि मागच्या माणसाचा तोल कुठे जाणार आहे, हे पाठीमागे न बघता ओळखावे लागते.

लंडनच्या २०१२ च्या पॅरालिंपिकमध्ये मॅक्लीन आणि अँथनी कॅप्पस यांना एक किलोमीटरची शर्यत सायकलच्या बिघाडामुळे पूर्णच करता आली नाही. स्प्रिंटमध्ये मात्र त्यांनी सुवर्णपदक मिळवले. दोन वर्षांनी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, नील फाची या वेगळ्या स्टोकरबरोबर मॅक्लीनने दोन सुवर्णपदके जिंकली. याच फाचीने पुढे मॅट रॉदरहॅम या पायलटसह टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये एक किलोमीटर अंतर ५८.०३८ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. थांबलेल्या स्थितीतून सुरुवात करूनही हा सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटर होतो.

जोडीदार बदलला की पायलटला बरेच काही नव्याने जुळवावे लागते : पाय किती वेगाने फिरवायचे, त्यानुसार गिअर कोणता लावायचा आणि पहिला जोर नेमक्या कुठल्या क्षणी द्यायचा. हेलन स्कॉट लंडनमध्ये एलीन मॅक्ग्लिनची पायलट होती, रिओत सोफी थॉर्नहिलबरोबर तिने सुवर्ण जिंकले, आणि टोकियोत पुन्हा मॅक्ग्लिनच्या पुढच्या सीटवर बसून रौप्यपदक मिळवले.