घोडं अडलं निविदेत : शाळेचं जेवण जवळच्या शेतापासून दुरावलं कसं

शाळेतल्या मुलांना जवळच्या शेतातलं खाऊ घालावं, याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. तरी त्यासाठी देशोदेशी कायदे करावे लागले, आधीचे बदलावे लागले. असं का झालं, हे शाळांची खरेदी आजवर कशी होत आली ते पाहिलं की कळतं.

जपानमधलं पहिलं शालेय जेवण १८८९ सालचं मानतात. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे बौद्ध मंदिरात भरणाऱ्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, भाजलेला खारवलेला मासा आणि लोणचं मिळायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर याच देशातल्या शाळांमध्ये परदेशी मदतीतून आलेली दूध पावडर आणि आयात गव्हाचा पाव आला. १९५४ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला, पण भात अधिकृतपणे ताटात परतायला १९७६ उजाडलं. भातशेतीच्या देशात ही गत!

अमेरिकेत सुरुवातच वाढाव्यापासून झाली. मंदीच्या काळात शेतमालाचे भाव कोसळले आणि माल पडून राहू लागला. १९३५ च्या कायद्याने आयात शुल्काच्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा कृषी खात्याला मिळाला. त्यातून सरकार जादा माल उचलायचं आणि त्यातला काही शाळांकडे वळवायचं. १९४६ च्या राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यात मुलांचं आरोग्य आणि देशी शेतमालाचा खप हे दोन्ही हेतू शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. म्हणजे शेतकरी या योजनेत पहिल्यापासून होता. फक्त तो देशभरातला कुणीही असू शकत होता. शाळेच्या कुंपणापलीकडे काय पिकतं, याला महत्त्व नव्हतं.

खरी गाठ पुढे बसली ती निविदेत. सरकारी पैशाने खरेदी करायची तर स्पर्धा खुली हवी, कुणाला झुकतं माप नको. नियमात तथ्य आहेच. नाहीतर कांदे अधिकाऱ्याच्या मेव्हण्याकडूनच यायचे. पण वर्षभर एकाच आकाराचा माल, सगळ्या शाळांना एकच पुरवठादार आणि सर्वांत कमी दर, असं म्हटलं की चार एकरवाला दारातूनच परततो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने शालेय जेवणाच्या कंत्राटांना अशी स्पर्धा सक्तीची केली. अमेरिकेत तर केंद्राच्या निधीतून खरेदी करताना 'आमच्या भागातला माल हवा' अशी पसंती दाखवायलाच मनाई होती.

१९९० च्या दशकात काहींनी या चौकटीतच वाट काढली. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकामध्ये १९९७ च्या सुमारास शेतकरी बाजारातली फळं-भाज्या शाळेत सॅलड म्हणून मांडली जाऊ लागली. मला मात्र फ्लोरिडाचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. तिथल्या छोट्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने गॅड्सडेन परगण्यातल्या शाळांना कोलार्ड ही कोबीच्या कुळातली पालेभाजी पुरवली. शाळेच्या स्वयंपाकघरात ढीगभर पाला निवडत बसायला माणसं कुठून असणार? म्हणून संस्थाच भाजी धुऊन, चिरून, पिशव्यांत भरून द्यायची. जवळचं शेत आणि शाळा यांच्यात बऱ्याचदा एवढंच अंतर असतं.

युरोपात नियम आणखी काटेकोर. निविदेत 'स्थानिक' लिहिणं म्हणजे युरोपीय संघातल्या इतर सदस्य देशांच्या विक्रेत्यांशी भेदभाव. मग रोमसारख्या शहरांनी तो शब्द टाळून हंगामी, सेंद्रिय, ताजं अशा अटी घातल्या. भाजी काढल्यापासून किती दिवसांत पोहोचली पाहिजे, असं विचारलं की लांबचा माल आपोआप मागे पडतो. तांत्रिकदृष्ट्या भेदभाव झाला असंही म्हणता येत नाही.

ब्राझीलने मात्र आडवळण घेतलंच नाही. तिथली शालेय भोजन योजना १९५५ पासूनची आणि सुमारे ४ कोटी विद्यार्थ्यांची. २००९ च्या कायद्याने या योजनेसाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेतीच्या, म्हणजे घरच्या माणसांनी कसलेल्या छोट्या शेतीच्या मालावर खर्च करणं बंधनकारक झालं. त्यासाठी नेहमीची निविदा बाजूला ठेवायलाही परवानगी मिळाली. नगरपालिका आधी बाजारभाव पाहून दर ठरवते, तो जाहीर करते आणि मग शेतकऱ्यांना बोलावते. चढाओढ भावासाठी नसते. स्थानिक गट, भूमी सुधारणेतून जमीन मिळालेली कुटुंबं आणि आदिवासी यांना प्राधान्य असतं. इथे गोम टक्केवारीपेक्षा दर आधी ठरण्यात आहे, असं मला वाटतं. टक्केवारी कुणीही कागदावर लिहू शकतं.

आफ्रिकेत शाळेचं जेवण स्थानिक शेतमालातून करण्याचा आग्रह २००३ पासूनच धरला गेला आणि घानाने २००५ मध्ये तशी योजना सुरू केली. तिथे जेवण बनवणाऱ्या कंत्राटदारांची बिलं सरकारकडे अडकून राहत. ते उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे वळत, कारण छोट्या शेतकऱ्याला रोख पैसे लागतात.

अमेरिकेत नियम हळूहळू सैल झाले. २००८ मध्ये प्रक्रिया न केलेल्या स्थानिक मालाला पसंती देण्याची मुभा मिळाली, २०१० च्या कायद्याने शेत आणि शाळा जोडण्यासाठी दरवर्षी ५० लाख डॉलरचं अनुदान ठरलं. शेवटी जुलै २०२४ पासून निविदेतच 'स्थानिक' ही अट घालता येऊ लागली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच मार्च २०२५ मध्ये शाळांच्या स्थानिक खरेदीसाठी ठेवलेले सुमारे ६६ कोटी डॉलर सरकारने रद्द केले. त्याच वर्षी ब्राझीलने आपली ३० टक्क्यांची अट २०२६ पासून ४५ टक्क्यांवर नेण्याचा कायदा केला.