डीबीएस (पार्किन्सन) : दीर्घकालीन परिणाम

मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवायच्या आणि छातीच्या कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीवरून तिथे अखंड विद्युत स्पंद सोडत राहायचे, या उपचाराला डीप ब्रेन स्टिम्युलेशन किंवा डीबीएस म्हणतात. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, तारा बहुधा सबथॅलॅमिक केंद्रकात, म्हणजे हालचालींच्या नियंत्रणात भाग घेणाऱ्या मेंदूतल्या एका छोट्या भागात, बसवतात. ‘मेंदूत चिप बसवली’ असे बोलले जाते, पण हृदयाच्या पेसमेकरशी तुलना अधिक जवळची.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागावर हा प्रयोग करून कंप थांबवला. १९९३ पासून सबथॅलॅमिक केंद्रकावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. अमेरिकेत पार्किन्सनसाठी मान्यता २००२ मध्ये मिळाली.

रुग्ण निवडताना डॉक्टर आधी लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाची गोळी देऊन पाहतात (खाजकुयलीच्या बियांत असते तेच हे द्रव्य). गोळी लागू झाल्यावर जे सुधारते, तेच पुढे तारेने सुधारते. कंप तेवढा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी तारेने बऱ्याचदा थांबतो. नातेवाइकांची पहिली चूक इथेच होते. हात थांबला म्हणजे आजार थांबला, असे घर धरून चालते. डीबीएसने आजाराची वाटचाल थांबत नाही.

ग्रेनोबलच्या ४९ रुग्णांचा पाच वर्षांचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीविना तपासले असता कंप ७५ टक्के, ताठरपणा ७१ टक्के आणि हालचालींतील मंदपणा ४९ टक्के कमी आढळला. बोलणे मात्र सुधारले नव्हते. गोळी चालू असताना तपासले तर बोलणे, तोल आणि चालताना पाय गोठणे यांत पाच वर्षांत घसरणच झाली होती. २०२१ च्या एका अभ्यासात सरासरी १७ वर्षे झालेले ५१ रुग्ण होते. अंग आपोआप वळवळण्याचा वेळ त्यांच्यात ७५ टक्क्यांनी, गोळी उतरल्यावरचा वाईट वेळ सुमारे ५९ टक्क्यांनी घटलेला होता. औषधेही निम्म्यावर आली होती. अर्थात, इतकी वर्षे हयात राहून तपासणीला येऊ शकलेल्यांचाच हा हिशेब.

घरात हे चित्र असे दिसते : दहाव्या वर्षी हातातली चहाची बशी स्थिर असते, पण चहाला सोप्यात येताना उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. मागून ढकलले तर माणूस पडतो; पुढ्यात काठी आडवी धरली तर ती ओलांडायला पाऊल उचलले जाते. आवाज बारीक होतो, शब्द लवकर सुचत नाहीत. ‘क’वरून मिनिटभरात जमतील तितके शब्द सांगा, अशी चाचणी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर घेतात. घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या सीमाभागातल्या माणसाची ती दोन्ही वेळा मराठीतच झाली पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. वजन वाढणे, मनःस्थिती ढासळणे, क्वचित आत्महत्येचे विचार येणे यांवरही घरच्यांनी लक्ष ठेवावे लागते.

सीमाभागातल्या घराने अंतराचाही हिशेब करावा : बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर आणि बंगळूर ५०० च्या आसपास. बंगळूरच्या निम्हान्समध्ये (मेंदू आणि मनोविकारांवरील राष्ट्रीय संस्थेत) ही शस्त्रक्रिया होते. ऑपरेशन एकदाचे उरकते. स्पंदांची ताकद जुळवणे (प्रोग्रॅमिंग) महिनोन्‌महिने चालते आणि त्यासाठी फेऱ्या घालाव्या लागतात. बेळगावजवळच्या खानापूरच्या खेड्यातल्या कुटुंबाने खर्चाइतकाच या फेऱ्यांचा विचार आधी करावा. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. प्रवासाचा भार शुभंकरावरच पडतो.

साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. चार्ज होणारी अधिक टिकते, मात्र ती नेमाने चार्ज करणारे माणूस घरात हवे. बॅटरी अचानक संपली तर शरीर काही तासांत जखडू शकते, गिळणेही अवघड होते, आणि तिथून रुग्णालय गाठावे लागते.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याने इंडक्शन भट्टी आणि आर्क वेल्डिंगपासून दूर राहावे, कारण तिथल्या तीव्र चुंबकीय क्षेत्राचा यंत्रावर परिणाम होऊ शकतो. त्याहून मोठा धोका गुडघेदुखीवर फिजिओथेरपीत देतात त्या डायथर्मीच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींच्या, शेकाचा. त्या लहरींनी तारेचे टोक तापून मेंदू भाजू शकतो, बॅटरी बंद असली तरीही.