खोलीची ध्वनिसुधारणा

गाणी ऐकण्याच्या खोलीतला घुमारा कमी व्हावा म्हणून भिंती, छत आणि कोपऱ्यांत ध्वनी शोषणारी किंवा विखुरणारी सामग्री बसवणे म्हणजे खोलीची ध्वनिसुधारणा. स्पीकरचा आवाज कानावर थेट येतो, तसाच भिंतींवर आपटूनही येतो. दोन्ही मिसळले की शब्द पुसट होतात.

खान्देशात जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरे जाऊन स्लॅब, गिलावा आणि गुळगुळीत फरशी आली. असा पृष्ठभाग ध्वनीचा जेमतेम दोन टक्के भाग शोषतो. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात गाद्या मांडून निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर उरणारा घुमारा, किती घटतो ते मोजले. त्यातून सूत्र निघाले: निनादकाल (घुमारा विरायला लागणारे सेकंद) = ०.१६१ × घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर × तो शोषतो तो वाटा, यांची बेरीज). दहा बाय बाराची, दहा फूट उंच रिकामी खोली घेतली, तर गणिताने निनाद चार सेकंदांवर जातो. त्याच खोलीत दहा चौरस मीटर चांगला शोषक लावला की तो साधारण ०.६ सेकंदावर येतो.

शोषक इथे शेतातच पिकतो. भाव वाढण्याची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवलेला असतो, त्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. टाळी जागीच विरते. मात्र गोधडी टांगून भागत नाही, कारण पातळ थर फक्त वरचे स्वर खातो. खालच्या स्वरांची, उदाहरणार्थ १०० हर्ट्झची, लहर ३.४ मीटर लांब असते, तिला जाडी लागते. सरकी काढलेली, पिंजलेली रुई चार इंच खोल लाकडी चौकटीत सैल भरावी, मागे तेवढीच पोकळी सोडावी. वरचे कापड असे असावे की फुंकर आरपार जाईल; रेक्झिन लावले की वरचे स्वर परत खोलीतच येतात. कापूस पेट घेतो, म्हणून तो टाकणखार-बोरिक आम्लाने प्रक्रिया केलेला असावा आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवावा. अंड्यांचे ट्रे लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण त्यांचा उपयोग फारच थोडा.

जागा निवडायला आरसा पुरतो. ऐकणारा आपल्या जागी बसतो, दुसरा बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवतो. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसतो, तिथे पहिली चौकट लावावी. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास बेस फुगतो. त्यासाठी कोपरे जाड भरावे लागतात, आणि बैठक भिंतीला टेकवू नये.

ध्वनिसुधारणा म्हणजे आवाजबंदी नव्हे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांजवळ गेला की कूलर बंद ठेवता येत नाही. त्याची घरघर किंवा रस्त्यावरच्या वरातीचा डीजे या चौकटींनी अडत नाही. त्यासाठी जड भिंत आणि फटी बुजवलेली दारे-खिडक्याच हव्यात.