शेंगदाण्याची पुडी आणि वेताचं स्टूल

एका दुकानाच्या दर्शनी भागावर पिळदार छज्जा करायचा होता. ॲल्युमिनियमचे पाइप एका टोकाला आडवे आणि पुढे सरकत हळूहळू तिरके होत जाणारे, पण प्रत्येक पाइप काठीसारखा सरळ. फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, पाइप सगळे सरळ आहेत, शीट बसणारच." मलाही ते पटलं. एसीपीची (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलची) शीट चढवली, तर तीन कोपरे बसले की चौथा उचलायचा. चौथा दाबून स्क्रू आवळला की मधे पोट यायचं. कारागिराचा हात चांगला होता. चूक आराखड्यातच होती, कारण दोन निराळ्या गोष्टी आम्ही एकच धरून चाललो होतो.

पहिली गोष्ट म्हणजे रूल्ड सरफेस. असा पृष्ठभाग सरळ रेषा सरकवत नेऊन तयार होतो. दुसरी गोष्ट डेव्हलपेबल सरफेस, म्हणजे न ताणता, न फाडता, न चुरगाळता सपाट उलगडणारा पृष्ठभाग. पत्राकाम शिकलेल्यांना हा ओळखीचा आहे. नळकांडं किंवा नरसाळं बनवण्याआधी पत्र्यावर त्याची 'डेव्हलपमेंट' काढतात, ती याचीच. उलगडणाऱ्या प्रत्येक वळणात सरळ रेषा असतातच. पण सरळ रेषा आहेत म्हणून वळण उलगडेलच, असं मात्र नाही. सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे.

शेंगदाण्याची कागदी पुडी हातात घ्या. टोकापासून काठापर्यंत कुठेही सरळ रेघ मारता येते, आणि पुडी सोडली की पुन्हा सपाट कागद हाती येतो. आता कंबरेत आवळलेलं वेताचं स्टूल बघा, हिंदीत ज्याला मूढा म्हणतात. त्यातल्या तिरक्या काड्याही सरळच असतात, तरी एकत्र मिळून डमरूसारखा आकार होतो. घरी करून बघायचं तर खराट्याच्या हिरांची जुडी मधोमध बांधा आणि पिळा. दोन्ही टोकं फुलतात, कंबर आवळते, आणि एकही हीर वाकलेला नसतो. या आकारावर कागद गुंडाळायला जा, सुरकुत्या पडल्याशिवाय राहणार नाहीत.

फरक नेमका कुठे पडतो? जाड पुठ्ठ्याची रुंद पट्टी पुडीवरच्या रेघेला धरून टेकवा. वरपासून खालपर्यंत ती अंगासरशी बसते. तीच पट्टी स्टुलाच्या एका काडीवर एका जागी अंगासरशी टेकवा आणि काडीच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. तिथे पट्टीची एक कड आत घुसू पाहते, दुसरी उचललेली असते. रेघ सरळ आहे, पण तिच्या आजूबाजूचा पृष्ठभाग तिच्याभोवती पीळ घेत जातो. पीळ नसेल तर पत्रा बसतो, असेल तर पोट येतं. जर्मन गणितज्ञ गाऊसने 1827 मध्ये हेच गणितात सिद्ध केलं. पृष्ठभाग न ताणता कितीही वाकवा, एका बिंदूवरच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वक्रतेचा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा गुणाकार शून्य, पुडीचा शून्य, स्टुलाचा मात्र ऋण.

आकड्यांत बघितलं की हे जास्त झोंबतं. 10 मीटर बाय 10 मीटरचं चौकोनी छत घ्या. तीन कोपरे एका पातळीवर ठेवा, चौथा 2 मीटर उचला आणि समोरासमोरच्या कडा सरळ पाइपांनी जोडा. याला हायपर म्हणतात, हायपरबोलिक पॅराबोलॉइड. वरून पाहिल्यावर 1 मीटरचे 100 चौकोन दिसतील अशी विभागणी केली, तर प्रत्येक चौकोनाचा चौथा कोपरा बाकी तिघांच्या पातळीपासून बरोबर 2 सेंटीमीटर सुटतो. शंभर चौकोन, दोन-दोन सेंटीमीटर, मिळून तेच 2 मीटर! चौकोन अर्ध्या मीटरचे केले तर फरक अर्ध्या सेंटीमीटरवर येतो, पण चौकोन 400 होतात. पीळ वाटून घेता येतो, पण नाहीसा करता येत नाही.

म्हणून आकार चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. तो कशाने बांधणार, हे आधी विचारायला हवं. काँक्रीट ओतून भरायचं असतं, त्याला पिळाची अडचण नाही. अडचण असते शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ज्यात ओततात त्या साच्याची, आणि तिथे सरळ रेषा देवासारखी धावून येते. काँक्रीटची पातळ कवचं बांधणारे वास्तुविशारद फेलिक्स कांदेला यांनी मेक्सिकोत सोचिमिल्को इथे 1958 मध्ये लोस मानान्तियालेस या उपाहारगृहाचं छत बांधलं. हायपर एकमेकांत गुंतवून फुलासारख्या आठ पाकळ्या, आणि कवचाची जाडी साधारण 4 सेंटीमीटर. साचा सरळ फळ्यांचा. मला या सगळ्या प्रकरणात हीच इमारत सर्वांत लोभस वाटते, कारण सुताराला येणाऱ्या कामातूनच तिचं वळण निघालं आहे. त्याआधी 1896 मध्ये रशियन अभियंते व्लादिमीर शुखोव्ह यांनी रशियातल्या निझनी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनात सरळ पोलादी पट्ट्यांचा जाळीदार पाण्याचा टॉवर उभा केला, तो आपल्या वेताच्या स्टुलाचाच थोरला भाऊ. जाळी उघडीच राहिली, वर पत्रा चढवायचा नव्हता, त्यामुळे पीळ कुणाला नडला नाही.

पत्रा चढवायचा असेल तर वाट पुडीची. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या कार्यालयात कागद वाकवून मॉडेलं बनत. कागद जे वळण घेतो ते उलगडणारं असतं, म्हणजे पत्रा ते वळण घेईल याची पहिली परीक्षा टेबलावरच होऊन जाते. 2003 मध्ये खुल्या झालेल्या लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्नी कॉन्सर्ट हॉलची स्टेनलेस स्टीलची शिडं, म्हणजे शिडांसारखी वळलेली बाहेरची आवरणं, मुख्यतः याच जातीची आहेत. लांबून बघणाऱ्याला कांदेलांचं छत आणि गेरींची शिडं एकाच कुळातली वाटतील. पण एकाचं कवच कुठेच सपाट उलगडणार नाही, आणि दुसऱ्याची शिडं बरीचशी उलगडतील.

काचेचं काय? ती पत्र्याहून हट्टी. वळणावर सपाट काचा बसवायच्या तर त्रिकोण करावेत, तीन कोपरे नेहमीच एका पातळीत असतात. पण त्यात सांधे वाढतात, एकेका सांध्याला सहा-सहा सळ्या येऊन मिळतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. एक वक्र रेषा दुसऱ्या वक्र रेषेवरून, न फिरवता, तशीच सरकवत न्यायची. समोरासमोरच्या बाजू आपोआप समांतर राहतात, आणि प्रत्येक चौकोन तंतोतंत सपाट. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात पाणघोड्यांच्या घरावरचे काचेचे घुमट असेच बांधले आहेत.

आपल्या 10 मीटरच्या हायपरलाही ही युक्ती लागू पडते. सरळ पाइपांच्या दिशेने न जाता कर्णांच्या दिशेने विभागणी केली, तर तिथे सरळ रेषा नाहीत, पॅराबोला आहेत, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखे वक्र. एक पॅराबोला दुसऱ्यावरून सरकवली की तेच छत मिळतं, पण आता प्रत्येक चौकटीत काच सपाट बसते. कडेला अर्धे त्रिकोण उरतात, ते तर सपाट असणारच. सळ्या मात्र टोकापासून टोकापर्यंत सरळ राहत नाहीत, प्रत्येक सांध्यावर किंचित कोन घ्यावा लागतो. पीळ काचेतून निघाला आणि सांध्यांत कोन होऊन बसला.