न हललेला सालगडी

वंशावळ जुळवून देणारी ॲप्स नोंदीत जरा विसंगती दिसली की एका माणसाची दोन माणसं करून मोकळी होतात. स्कॉटलंडमधला एक शेतमजूर समजा: 1841च्या खानेसुमारीत वय 25, 1851मध्ये 39. दहा वर्षांत चौदा वर्षं कशी वाढली? तर 1841मध्ये पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची असा नियम होता. 29चे 25 झाले, एवढंच. त्यात ना चमत्कार, ना दुसरा माणूस. (पूर्वज राजघराण्यातला निघाल्याचं प्रमाणपत्र विकणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

खरी गंमत 1851पासून सुरू होते, कारण तेव्हापासून प्रत्येकाच्या जन्माचा पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग) लिहू लागले. एडिनबर्गच्या पूर्वेला, लोदियन भागात, लग्न झालेला नांगऱ्या वर्षाच्या बोलीवर राही. पगाराचा मोठा भाग ओटचं पीठ, बटाटे अशा जिनसांत मिळे, घर मालकाचं असे. करार संपला की 15 मेच्या सुमारास, व्हिटसंडे या करार बदलायच्या ठरलेल्या दिवशी, बिऱ्हाड गाडीवर चढे. खानेसुमारी मात्र दहा वर्षांनी एकदाच. मधल्या हालचाली कशा कळणार? मुलांवरून!

7 एप्रिल 1861च्या रात्रीचं एक काल्पनिक घर घेऊ. मुक्काम हॅडिंग्टन. मुलं: 9 वर्षांचं हॅडिंग्टनला जन्मलेलं, 6चं ग्लॅड्समूरला, 4चं ट्रॅनेंटला, 1चं पेनकेटलँडला. म्हणजे निदान चार स्थलांतरं. पण वय पूर्ण वर्षांत लिहिलेलं असल्यामुळे 6 आणि 4 वर्षांच्या भावंडांतलं खरं अंतर एक ते तीन वर्षांत कुठेही असू शकतं, आणि त्या काळात व्हिटसंडे एक येईल किंवा तीन. थोरल्याच्या जन्मापासून मोजले तर नऊ-दहा. चार हा आकडा फक्त तळ आहे.

आता कुटुंब एक वर्ष 'अ'त, एक वर्ष 'ब'त असं आलटून पालटून राहिलं आणि मूल दर दोन वर्षांनी झालं, तर? सगळी मुलं 'अ'तच जन्मतील. कागदावर हे कुटुंब जागचं हललेलंच नाही! ध्वनिमुद्रणातही हाच पेच असतो. सेकंदाला जितकी कंपनं, त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा नमुना घेतला नाही, तर वेगळीच, संथ लहर हाती लागते. अभियंते याला एलियसिंग म्हणतात, आणि या दुपटीच्या नियमासाठी नायक्विस्ट या अभियंत्याचं नाव घेतात. आपल्या कुटुंबाचं चक्र दोन वर्षांचं, म्हणून नमुना, म्हणजे इथे मुलाचा जन्म, वर्षातून एकाहून जास्त वेळा हवा. इतक्या वेगाने मुलं कुठली व्हायला!

त्यातून पॅरिशच्या आतल्या आत बदललेलं शेत तर जन्मस्थळाच्या रकान्यात उमटतच नाही. आणि यादीत नसलेलं बारा-तेरा वर्षांचं पोर मेलं असं धरू नये. बहुधा ते दुसऱ्याच्या शेतावर 'नोकर' म्हणून मोजलं गेलेलं असतं.

 

पोकळी थोडी भरते ती जन्मनोंदीने. 1 जानेवारी 1855पासून स्कॉटलंडमध्ये ती सक्तीची झाली. त्यात जन्माचं ठिकाण, पुष्कळदा थेट शेताच्या नावासकट, मिळतं. पहिल्या वर्षीच्या दाखल्यांत तर आईबापांची वयं, जन्मस्थळं, लग्नाचा तपशील, आधीची मुलं, सगळंच विचारलं होतं. इतकं लिहिणं झेपेना, म्हणून 1856मध्ये यातले बरेच रकाने उडवले. 1861मध्ये लग्नाची तारीख आणि ठिकाण तेवढं परत आलं.